आवाजाचे गाठोडे

कोकणातील एखाद्या खेड्यात एक आजी अंगणाच्या कडेला उभी राहून लंडनला गेलेल्या नातवाशी मोबाइलवर बोलत असते. बोलणे इंटरनेटवरून चाललेले असते. "आजी, जेवलीस का?" एवढेच शब्द, पण ते ऐकून तिचा चेहरा फुलतो. हा आवाज इतक्या दूर कसा पोहोचला बरे?

मुलांनो, आवाज जसाच्या तसा प्रवास करीत नाही. प्रथम त्याचे अंक होतात, त्या अंकांचे लहानसे गाठोडे बांधले जाते आणि पलीकडे ते सोडून पुन्हा आवाज घडविला जातो. बांधण्याच्या व सोडण्याच्या या रीतीस 'कोडेक' म्हणतात.

1972 साली ठरलेल्या 'जी.711' या रीतीत ध्वनिलहरीची उंची सेकंदाला 8,000 वेळा मोजतात व प्रत्येक माप 8 बिटांत लिहितात. बिट म्हणजे 0 किंवा 1 यांपैकी एक अंक. अर्थात, एका सेकंदाच्या बोलण्यास 64,000 बिट लागतात. वाट अरुंद असेल, तर हा भार जड होतो.

तो हलका करण्याची युक्ती आपल्या मुखातच दडलेली आहे. कंठातील स्वरतंतू कंप पावतात आणि जीभ व ओठ त्या ध्वनीला आकार देतात. हे अवयव क्षणार्धात वाटेल तसे हलत नाहीत. म्हणून मागील मापांवरून पुढचे माप पुष्कळसे ताडता येते. जे ताडता येते, ते पाठवावे कशाला? अंदाजाचे नियम आणि राहिलेला फरक तेवढा कळविला की पुरे. या विचाराला आकार देणाऱ्यांत कानपूरला जन्मलेले शास्त्रज्ञ बिष्णू अटल अग्रगण्य होत. 1985 साली त्यांनी मानफ्रेड श्रोडर यांच्यासह मांडलेली रीत पुढे अनेक मोबाइल कोडेकांचा पाया ठरली.

2012 साली प्रमाण ठरलेला 'ओपस' हा कोडेक कोणासही विनामूल्य वापरता येतो. वाट पाहून तो सेकंदाला 6,000 पासून 5,10,000 पर्यंत बिट वापरतो. बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे बोलणे एका पुडक्यात बांधतात. एखादे पुडके वाटेत हरवले, तर ते पुन्हा मागवून उपयोग नसतो. कारण उशिरा आलेला शब्द संभाषणात निरुपयोगी ठरतो. अशा वेळी शेजारच्या पुडक्यांवरून उणीव भरून काढतात.

मात्र दोन्ही फोनांना एकच कोडेक अवगत हवा. म्हणून संभाषणापूर्वी ते आपापली यादी एकमेकांस कळवून दोघांस येणारी रीत निवडतात. अशी रीत सापडली नाही, तर मध्ये दुभाषी यंत्र बसवावे लागते. तेही नसेल, तर बोलणे होतच नाही.

आजी आणि नातू यांची भाषा एक असते. पण त्यांच्या यंत्रांचीही भाषा जुळते, तेव्हाच मायेचा शब्द कानी पडतो.