शेखला चार्ज देताना

सरकारी कार्यालयात चार्ज देण्याचं काम मी फार जवळून पाहिलं आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं लेखा शाखेत गेली. निवृत्ती जवळ आली की टेबलाचे खण रिकामे होऊ लागतात. प्रलंबित प्रकरणं, नोंदवह्या, कपाटाच्या किल्ल्या यांची यादी होते, खाली दोघांच्या सह्या होतात. कोणतं देयक कुठल्या टेबलावर हमखास अडकतं, कुठल्या आक्षेपाला कसं उत्तर द्यायचं, कोणत्या साहेबांपुढे फाइल जेवणाआधी ठेवू नये, हे मात्र यादीत नसतं. ते द्यायचं की नाही हे जाणाऱ्याच्या मनावर. बरेच जण देत नाहीत. ज्या खुर्चीवर जन्म गेला तिथे कालचा पोरगा बसणार, ही सल मोठी असते.

म्हणून रितेश बत्राचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) हा चित्रपट मला इतरांपेक्षा वेगळा दिसतो. लोकांच्या लक्षात राहतात त्या साजन आणि जिचा डबा चुकून त्याच्याकडे येतो ती गृहिणी इला, यांच्या डब्यातून जाणाऱ्या चिठ्ठ्या. बत्राला मुळात डबेवाल्यांवर माहितीपट करायचा होता, तेव्हा डबा मध्यभागी येणं साहजिकच. मी मात्र दर वेळी साजन फर्नांडिस आणि शेख यांच्याकडे पाहत राहतो. क्लेम्स विभागातला एक विधुर निवृत्त होतोय आणि त्याच्या जागी येणाऱ्याला त्यानं काम शिकवायचं आहे.

शेख येतो तोच हसत. सौदीत काम करून आलेला, भरपूर बोलणारा, उठता बसता आईचा दाखला देणारा. साजन त्याला वेळ देतो आणि ती वेळ आली की निसटतो. इरफान खाननं हे टाळणं असं काही केलं आहे, की कुठल्याही कारकुनाला ते लगेच ओळखू यावं. तो नाही म्हणतच नाही. फक्त हातातली फाइल काही केल्या संपत नाही.

शेखच्या जेवणात केळी आणि सफरचंद, साजनपुढे इलाचा डबा. साजन त्याला त्यातलं देऊ लागतो आणि शिकवणी खरी तिथून सुरू होते. हे मला शंभर टक्के पटतं. आमच्याकडेही टेबलावर बसून कुणी काही शिकवत नसे. जे कळायचं ते जेवणाच्या सुट्टीत, वर्तमानपत्र पसरून, एकमेकांच्या भाजीत चपाती बुडवताना. पुढे कळतं की आईचे दाखले देणारा हा माणूस अनाथ आहे. बोलण्याला वजन यावं म्हणून तो आईला मध्ये आणतो. लोकलमध्ये ऑफिसच्या फायलींवर भाजी चिरणारा शेख आणि शेजारी बसून ते बघणारा साजन, या दृश्यात नवाजुद्दीन सिद्दीकीच्या चेहऱ्यावर कुठेही बिचारेपणा नाही. या भूमिकेसाठी त्याला सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला, तो योग्यच.

शेखच्या हिशेबात मोठ्या चुका निघतात. त्याची प्रमाणपत्रंही खोटी असतात. ज्या साजनची ३५ वर्षांत एक चूक सापडलेली नाही, तो साहेबांसमोर त्या चुका आपल्या म्हणून सांगतो. नियमानं पाहिलं तर साजनचं चुकलं. त्या आकड्यांवर कुणाचे तरी पैसे ठरतात, आणि माझ्यातला लेखापाल हे विसरू शकत नाही. पण लेखा शाखेतल्या माणसाची पुंजी एकच असते: हा कधी चुकत नाही, ही ख्याती. ती त्यानं जाता जाता एका पोरासाठी मोडली. इलाला लिहिलेल्या कुठल्याही चिठ्ठीपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

शेखच्या लग्नात मुलाकडचं म्हणून साजन एकटाच उभा असतो. माझ्या पाहण्यात चार्ज घेणाऱ्याच्या लग्नाला गेलेले पुष्कळ, पण ते पाहुणे म्हणून, आहेराचं पाकीट घेऊन. वरपक्ष म्हणून कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही.

शेवटाकडे इला साजनला शोधत ऑफिसात येते. तोवर तो निवृत्त होऊन नाशिकला निघालेला. तिला हे सांगायला तिथे शेख असतो. चार्ज पूर्ण झालाय. साजनला विचारत येणाऱ्याला उत्तर देण्याचं कामही आता त्याच्याकडेच आलं आहे.