केसाने मोजलेली हवा

मे महिन्यात मुंबईहून दिल्लीला गेलेल्या माणसाचे केस दोन दिवसांत वाळक्या गवतासारखे होतात. जुलै-ऑगस्टात तेच केस फुलून बसतात, कंगव्याला जुमानत नाहीत. दोष मिळतो शाम्पूला. खरे तर केस हवेतले पाणी मोजत असतो.

हवामान खात्याने त्याला हे काम रीतसरच दिले.   खात्याच्या वेधशाळांतल्या आर्द्रतालेखकाचा जीव असतो माणसाच्या केसांच्या जुडीत. तेलकटपणा काढलेले केस ताणून बांधायचे. दमट हवेत ते लांबतात, कोरड्या हवेत आखडतात, आणि तरफेला जोडलेली लेखणी फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर रेघ ओढत जाते. मूळ कल्पना जिनीव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाची, १७८३ची.

गंमत आकड्यांत आहे. आर्द्रता शून्यावरून शंभर टक्क्यांवर गेली तरी केस लांबतो जेमतेम दोन-अडीच टक्के. जाडी मात्र चौदा-पंधरा टक्क्यांनी वाढते. असे का, ते केराटिन या प्रथिनाची घडण सांगते. त्याच्या साखळ्या स्प्रिंगसारख्या वळलेल्या असतात. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली या वळणाचे माप मांडले: दर वेढ्याला साडेतीनहून थोडी जास्त अमिनो आम्ले. दोन-दोन स्प्रिंगा एकमेकींना पीळ घालतात, त्यांचे तंतू होतात आणि ते केसाच्या लांबीच्या दिशेने, गंधकयुक्त प्रथिनांच्या लगद्यात रोवलेले असतात. पाणी शिरते ते मुख्यतः लगद्यात. तंतू बाजूला सरकतात, केस जाडावतो. स्प्रिंगा लांबीला फारशा ढळत नाहीत.

पाण्याने सुटतात ते कच्चे हायड्रोजन बंध. रात्री ओल्या केसांची वेणी घालून वाळवली की हेच बंध नव्या जागी जुळतात, म्हणून सकाळी केस कुरळे दिसतात आणि पहिल्या दमट झुळकीला सरळ होतात. गंधकाचे बंध पाण्याला दाद देत नाहीत. ते तोडायला पार्लरमधली रसायने लागतात. केस जळताना येणारा उग्र वास बराचसा या गंधकाचाच.

केस हे सुस्त यंत्र आहे, थंडीत तर फारच. स्वयंचलित केंद्रांवर आता इलेक्ट्रॉनिक संवेदक असतात. पण घरी करून पाहायला केसासारखे स्वस्त काही नाही. फूटभर लांबीचा एक केस साबणाने धुऊन त्याचे वरचे टोक भिंतीवर चिकटवा, खालच्या टोकाला हलकेसे वजन लावा, मागे मोजपट्टी. दिल्लीत मे ते ऑगस्ट तो दोन-चार मिलिमीटर खाली उतरेल. तारखा मात्र लिहून ठेवा.