काट्याचा आकडा कोणाला दिसतो?

पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दिवसाचा पहिला व्यवहार दूध संकलन केंद्रावर होतो. दूध काट्यावर जाते, थोडा नमुना मिल्कोमीटरमध्ये जातो, मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक) यांचे आकडे उमटतात आणि संगणक दरपत्रकाप्रमाणे हिशेब करून पावती देतो. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, म्हशीच्या दुधाचा 6 आणि 9 धरून. त्याखाली घसरले की पॉइंटमागे पैसे कापले जातात. माहिती तंत्रज्ञानाने धंद्यातले संबंध कसे बदलतात, हे या छोट्या खोलीत लख्ख दिसते. यंत्र बसवले म्हणून विश्वास येत नाही. ज्याचे पोट त्या आकड्यावर आहे त्याला तो पाहता आणि पडताळता आला, तरच विश्वास येतो.

पूर्वीची पद्धत आठवली की याचे मोल कळते. फॅट काढण्याच्या गर्बर पद्धतीत दुधात सल्फ्युरिक आम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून नळ्या यंत्रात फिरवाव्या लागतात. रांग खोळंबवून प्रत्येकाचे दूध असे तपासणे शक्य नसे, म्हणून नमुने बाटल्यांत ठेवून तपासणी नंतर होई. निकाल लागेपर्यंत उत्पादक शेतावर गेलेला असे. वहीत मांडलेला आकडा त्याला बिलाच्या वेळी कळे. व्यापाऱ्यांच्या मनमानी दराला कंटाळून 1946 साली आजच्या गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपला दूध संघ उभारला, तेव्हा संस्था त्यांच्या मालकीची झाली. तपासणी मात्र पुढेही बराच काळ त्यांच्या डोळ्यांआडच राहिली. गुजरातमधल्या दूध संस्थांनी 1990च्या दशकात इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट तपासणी यंत्र आणि संगणक एकत्र जोडायला सुरुवात केली, आणि आकडा उत्पादकाच्या समोर उमटू लागला.

आकडा समोर आला की माणसे वेगळी वागू लागतात. पाणी घातलेल्या आणि निर्भेळ दुधाला एकच भाव मिळत असेल, तर प्रामाणिक माणूसच तोट्यात जातो. प्रत्येकाचे दूध वेगळे मोजले की ते थांबते. पेंड बदलल्यावर फॅट वाढले की घटले, हे घरच्या बाईला पावत्या पाहून कळते. गावाचे एकूण दूध आणि संघाच्या प्रयोगशाळेतला आकडा जुळला नाही, तर घोळ केंद्रावर झाला, टँकरमध्ये की प्रयोगशाळेत, हे शोधायला नोंदी हाताशी असतात. उत्पादक, सचिव, टँकरचालक आणि संघ ही खरे तर एकच साखळी आहे. सामाईक नोंद नसली की तिचा प्रत्येक दुवा दुसऱ्यावर ठपका ठेवतो.

यावर शेतकरीच विचारतील, की यंत्रानेही काटा मारता येतोच ना? येतो. काटा 100 ग्रॅमच्या टप्प्याने वाचत असेल आणि वरचे ग्रॅम सोडून देत असेल, तर दर खेपेला सरासरी 50 ग्रॅमच्या आसपास दूध हिशेबाबाहेर जाते. दोन वेळचे मिळून महिन्याला साधारण 3 किलो. 200 उत्पादकांच्या गावात 600 किलो. कोणी हातचलाखी न करताही एवढे मापात पाप होऊ शकते. मिल्कोमीटरही वेळोवेळी प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहावा लागतो. त्याची सरकारी तपासणी व्हावी ही महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनांची मागणी म्हणूनच रास्त आहे. तिचा रोख यंत्रावर नाही, त्याच्या एकतर्फी वापरावर आहे.

आकड्याला जाब विचारता आला नाही, तर काय होते, हे ब्रिटनच्या टपाल खात्याने दाखवले. तिथल्या ‘होरायझन’ या संगणक प्रणालीने शाखांच्या हिशेबात तूट दाखवली, आणि 1999 ते 2015 या काळात 900हून अधिक शाखाचालक दोषी ठरले. प्रणालीत दोष आहेत हे उच्च न्यायालयाने 2019 साली मान्य केले. तोवर अनेकांची घरेदारे गेली होती, काहींनी तुरुंगवास भोगला होता. शाखाचालकांना आकडा दिसत होता, पण तो कुठून आला हे तपासण्याची सोय त्यांच्या हाती नव्हती. नुसता पडदा दिसणे पुरेसे नाही, ते इथे कळते.

दुसरा आक्षेप असा, की गावात सगळे ओळखीचे. यंत्राची आणि फेरतपासणीची भाषा म्हणजे अविश्वासच. शिवाय छोट्या संस्थेला हा खर्च जड जातो. खर्चाचा मुद्दा खरा आहे, आणि संघांनी व शासनाने तो वाटून घ्यायला हवा. पण पडताळणीने ओळख तुटत नाही. उलट प्रामाणिक सचिवाला तिचाच आधार असतो, कारण संशय घेणाऱ्यापुढे त्याला शपथा घ्याव्या लागत नाहीत. म्हणून तीन साध्या गोष्टी प्रत्येक केंद्रावर असाव्यात: काट्याचा पडदा उत्पादकाकडे वळलेला, पावती मराठीत, आणि शंका आली तर त्याच दुधाचा नमुना त्याच्यासमोर पुन्हा तपासून घेण्याचा हक्क. पहाटे दोन लिटर दूध घेऊन येणाऱ्या बाईला हा हक्क वापरताना संकोच वाटला नाही, तर ते केंद्र खरोखर आधुनिक झाले.