डब्याची मागची बाजू

भारगाडी आणि आपण : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण एअर फिल्टर उघडून पाहिला. या वेळी इंजिन ऑइल, आणि त्यातही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात सध्या रोज निघणारा विषय : पिकअपला सिंथेटिक घालावं का? दुकानदार ‘बिनधास्त घाला’ म्हणतो; महागडा डबा विकण्यात त्याचं काही जात नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘आपलं जाडं ऑइलच बरं.’ डबा फिरवून मागची बाजू मात्र दोघांपैकी क्वचितच कुणी वाचतो.

मागे बारीक अक्षरांत ‘एपीआय सीआय-४ प्लस’ किंवा ‘एपीआय सीके-४’ असं काहीतरी छापलेलं असतं. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. शेजारी १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० अशी ग्रेड. पिकअपवाल्याने आधी हे एपीआयचं वाचावं, मग ग्रेड. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत मिरवणारं ‘फुल्ली सिंथेटिक’ सगळ्यांत शेवटी.

कारण आहे सायलेन्सरच्या अलीकडे बसवलेला डीपीएफ. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल पिकअपच्या धुरातली काजळी अडवायला ही गाळणी आली. काजळी साठली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. राख मात्र जळत नाही. ही राख येते ऑइलमधून. इंजिन आतून स्वच्छ राहावं, आम्ल मरावं, झीज कमी व्हावी म्हणून ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्ताची संयुगं घातलेली असतात आणि थोडं ऑइल तर प्रत्येक इंजिन जाळतंच. २००२ सालच्या सीआय-४ प्रकारच्या ऑइलमध्ये राखेचं प्रमाण दीड टक्क्यापर्यंतही असू शकतं. २०१६ च्या शेवटी आलेल्या सीके-४ मध्ये ते एक टक्क्याच्या वर जाऊ शकत नाही. लिटरभर ऑइलचं वजन साधारण ८७० ग्रॅम. म्हणजे एक लिटर जळलं की एका ऑइलची राख तेरा ग्रॅम, दुसऱ्याची फार तर नऊ. काही कंपन्या युरोपच्या एसीईए सी३ वर्गाचं ऑइल मागतात, त्यात तर ०.८ टक्के हीच मर्यादा आहे. बीएस-६ पिकअपमध्ये चुकीच्या वर्गाचं ऑइल घातलं, तर ते कितीही सिंथेटिक असलं तरी गाळणी लवकर तुंबणार. नव्या डीपीएफची किंमत एकदा विचारून बघा.

ग्रेडचं थोडक्यात. आपल्याकडे उणे तापमानाचा प्रश्न नाही, त्यामुळे डब्ल्यूच्या आधीचा आकडा लेह-लडाखला जितका महत्त्वाचा तितका इथे नाही. मागचा आकडा शंभर अंशांना ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. विदर्भात पारा ४५ वर गेला म्हणून आपल्या मनाने जाडं ऑइल घालायचं कारण नाही. इंजिनाच्या आत त्याहून दुप्पट उष्णता एरवीही असतेच, आणि नव्या इंजिनांचे ऑइलचे मार्ग पातळ ग्रेड धरूनच आखलेले असतात. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडच्या बाहेर जाऊ नये.

आता सिंथेटिक. मिनरल ऑइल म्हणजे कच्च्या तेलाचा जड भाग शुद्ध करून, त्यातलं मेण काढून केलेलं. सिंथेटिक म्हणून विकलं जाणारं बरंचसं ऑइलही मुळात कच्च्या तेलाचंच. फक्त प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडून त्याच्या रेणूंची मोडतोड आणि फेररचना केलेली असते. हा एपीआयचा गट तीन. रेणू जोडत जोडत कारखान्यात घडवलेलं पॉलीअल्फाओलेफिन हा गट चार. गट तीनला सिंथेटिक म्हणू द्यायचं का, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा जाहिरातींचा तंटा झाला आणि १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून गट तीनचे डबे राजरोस सिंथेटिक म्हणून विकले जातात. यात मला फसवणूक वाटत नाही. चांगलं गट तीनचं ऑइल पिकअपच्या कामाला पुरून उरतं.

त्याचा फायदा दिसतो तो घाटात. मे महिन्यात देवगडहून हापूसच्या पेट्या लादलेली पिकअप फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूरला निघते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत असते, तेव्हा टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेत असतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. घाटमाथ्यावर चहाला थांबताच ड्रायव्हरने चावी फिरवली की ऑइलचा पुरवठा तुटतो. दांड्याभोवती उरलेलं ऑइल जागच्या जागी भाजतं आणि काळा कडक थर धरतो. मिनरल ऑइल इथे लवकर करपतं, सिंथेटिक बराच वेळ तग धरतं. अर्थात मिनिटभर इंजिन चालू ठेवून मगच बंद करण्याला पैसे पडत नाहीत.

सिंथेटिक घातलं म्हणून ऑइल बदली लांबवू नका. किलोमीटरचा आकडा पुस्तकातलाच धरायचा, आणि रोज ओव्हरलोड भाडं मारणाऱ्याने त्याच्याही आधी. ऑइल काळं पडलं म्हणून मात्र घाबरू नये. काजळी पोटात धरून ठेवणं हे डिझेल इंजिनच्या ऑइलचं कामच आहे. डिपस्टिकवर बघायची गोष्ट वेगळीच आहे. बीएस-६ गाडी गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारत असेल तर डीपीएफची सफाई अर्धवट राहते, त्यासाठी सोडलेलं डिझेल चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चक्क वाढते. खूण वरच्या रेघेच्या पुढे गेली, बोटाला डिझेलचा वास आला, तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल उतरवा.

जुनी, डीपीएफ नसलेली पिकअप असेल तर माझं मत सरळ आहे : सीआय-४ प्लसचं मिनरल १५डब्ल्यू-४० घ्या, वेळेवर बदला, उरलेले पैसे टायरला ठेवा.

खरेदीचं बिल घ्या, वॉरंटीच्या वादात तेच कामी येतं. आणि रिकामा डबा गॅरेजात तसाच टाकून येऊ नका. तळाला भोक पाडा. धड डबे भंगारातून फिरून, भलतंच ऑइल पोटात घेऊन पुन्हा विकायला येतात.

पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचं ऑइल.