सातपैकी दोन लक्षणे

कंपन्यांमध्ये व्यवस्थापनाच्या कार्यशाळा होतात तेव्हा फळ्यावर तीन शब्द हमखास लिहिले जातात : माणसे, वेळ आणि संवाद. मग चहा येतो, गटचर्चा होते आणि सोमवारी कार्यालयाचे काम मागील पानावरून पुढे सुरू होते. या तीन शब्दांचा खरा कस लागला तो गडचिरोलीच्या खेड्यांत. तिथे हिशोब नफ्या-तोट्याचा नव्हता, जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आतल्या बाळांचा होता.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचे काम सुरू केले. ३९ गावांत सेवा द्यायची आणि ४७ गावांशी तुलना करायची, अशी मांडणी होती. पहिल्या वर्षी बाळांची नुसती पाहणी झाली, तेव्हा जे दिसले ते कोणत्याही डॉक्टरची झोप उडवणारे होते. निम्म्याहून अधिक नवजातांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात ते मिळाले शंभरातल्या तिघांनाही नाही. बाळंतपणे घरीच होत, दवाखाना लांब, आणि बाळंतिणीला व तान्ह्याला घराबाहेर काढायचे नाही ही रीत. मग दवाखान्यानेच घरी जायचे, पण नेणार कोण?

इथे माणसे निवडण्याचा प्रश्न येतो. गावातलीच, पाचवी ते दहावी शिकलेली बाई निवडली गेली. बाहेरून नेमलेली परिचारिका जास्त शिकलेली असती हे खरे. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या की ती तिथे नसते, ही अडचण कोणत्याही पदवीने सुटत नाही. या आरोग्यदूत बाईला बाळाचे वजन करणे, तापमान घेणे, ऊब राखणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास देणे हे सारे शिकवले गेले. शेवटी तिच्या हातात जेंटामायसिनचे इंजेक्शन दिले गेले. त्या काळात ही गोष्ट अनेक जाणकारांना न पटणारी होती, आणि त्यांची भीती अगदीच अनाठायीही नव्हती. औषधाची मात्रा चुकली तर?

त्याचे उत्तर संवादात होते. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी सात लक्षणे ठरवली गेली. आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे मंदावले किंवा थांबले. दूध ओढणे कमी झाले किंवा बंद पडले. बाळ सुस्त किंवा बेशुद्ध आहे. अंग तापले आहे किंवा गार पडले आहे. कातडीवर किंवा नाळेच्या जागी पू आहे. जुलाब, सततची उलटी किंवा पोटफुगी आहे. कण्हणे किंवा छाती खोलवर आत ओढली जाणे आहे. यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार सुरू करायचे. दवाखान्यात हलवण्याचा सल्ला द्यायचा. कुटुंब नाही म्हणाले तर त्यांच्या संमतीने घरीच इंजेक्शन. 'साहेबांना विचारून सांगते' हे वाक्य त्या नियमात नव्हते. मोठमोठ्या कार्यालयांत निर्णय अडतो तो माहिती नसते म्हणून नव्हे. खालच्या माणसाने कुठवर स्वतः ठरवायचे हे कोणी लिहूनच दिलेले नसते म्हणून अडतो.

याचा परिणाम 'लॅन्सेट'मध्ये १९९९ च्या डिसेंबरात छापून आला. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजातांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात सुमारे १७ दगावत. उपचार सुरू झाल्यावर ते प्रमाण तीनच्या आत आले.

वेळेचे गणित तर निसर्गानेच मांडून ठेवलेले आहे. नवजातांचे सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. पहिल्या दिवशी धोका गुदमरण्याचा आणि गार पडण्याचा, नंतरच्या दिवसांत काविळीचा, दूध नीट न जमण्याचा आणि जंतुसंसर्गाचा. म्हणून पहिल्या आठवड्यातली चुकलेली भेट दुसऱ्या आठवड्यात भरून निघत नाही. केंद्र सरकारने २०११ मध्ये हे काम 'आशा' कार्यकर्तींकडे दिले तेव्हा बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे दिवसच ठरवून दिले. घरी बाळंतपण झाले तर पहिलाही. 'महिन्यातून सहा भेटी' असे लिहिले असते तर सहाही भेटी महिनाअखेरीस उरकल्या गेल्या असत्या.

भाषेचा गुंता वेगळाच. भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. आणि वरून येणारे परिपत्रक अशा मराठीत, की ते पुणेकरालाही दोनदा वाचावे लागेल! बंग दांपत्याने आदिवासींना दवाखान्यात का येत नाही असे विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, असे उत्तर आले. पांढरे कापड प्रेतावर घालतात. शोधग्रामचा दवाखाना मग झोपड्यांसारख्या बैठ्या घरांचा झाला आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. प्रश्न विचारून थांबण्याऐवजी उत्तराप्रमाणे इमारत बदलली, हे फारसे कुठे घडत नाही.

पण प्रयोगातले एक अंग सरकारी व्यवस्थेत येताना बारीक झाले. त्या ३९ गावांत डॉक्टर दर पंधरा दिवसांनी जाऊन नोंदी पडताळत, चुका तिथेच दुरुस्त करून दाखवत. ही भेट झडती नव्हती, शिकवणी होती. आज आशाताईंकडे लसीकरण, क्षयरोग, हिवताप, सर्वेक्षणे आणि मोबाइलवरची माहिती असे एकावर एक काम चढले आहे. त्यांना नोकरीचा पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. नवजाताच्या सगळ्या भेटींचे मिळून योजनेत ठरले ते अडीचशे रुपये. त्यांच्या पाठीशी उभे राहून शिकवणारा माणूस मात्र बैठकांमध्ये अडकलेला असतो. अहवाल वेळेवर जातात.

अशा वेळी नोंदवहीतला वजनाचा रकाना पाहावा. खऱ्या बाळांची वजने २.१, २.७, २.४ अशी वेडीवाकडी येतात. एकाखाली एक २.५ किलो दिसू लागले की बाळे काट्यावर चढलेली नाहीत. मग तालुक्याच्या अधिकाऱ्याने नोटीस न धाडता, जेवणाचा डबा घेऊन त्या गावी जावे, आशाताईच्या किटमधला ताणकाटा झोळीसकट बाहेर काढावा आणि तिच्यासोबत पहिल्या घरात शिरावे. बहुतेक वेळा काट्याची स्प्रिंग बिघडलेली निघते, आणि नवा काटा मागणारा तिचा अर्ज कार्यालयातच पडलेला असतो.