'हार्मोनची गोळी' : एक नाव, दोन उपचार

अहवाल वर्षात आमच्या कर्करोग बाह्यरुग्ण विभागात एक भगिनी पाच महिन्यांच्या खंडानंतर तपासणीस आल्या. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना टॅमॉक्सिफेनची गोळी रोज घेण्यास सांगितले होते. "हार्मोनच्या गोळीने कॅन्सर होतो असे ऐकले, म्हणून आम्हीच बंद केली," असे त्यांच्या सूनबाईंनी सांगितले. गैरसमज त्यांचा खरा. पण तो वेळीच दूर करण्यात आम्ही उणे पडलो, हे येथे नमूद करणे उचित होय.

'हार्मोन थेरपी' या एकाच नावाने दोन परस्परविरुद्ध उपचार ओळखले जातात. पाळी गेल्यानंतर अंगातून वाफा येणे, झोप मोडणे अशा त्रासांवर शरीराला बाहेरून इस्ट्रोजेन पुरविले जाते. गर्भपिशवी असलेल्या स्त्रियांना तिच्या अस्तराच्या रक्षणार्थ सोबत प्रोजेस्टोजेनही देतात. टॅमॉक्सिफेनचे कार्य नेमके उलट : स्तनातील पेशींवर इस्ट्रोजेनची जागा ते अडवून धरते. ज्यांच्या गाठीच्या अहवालात 'ईआर पॉझिटिव्ह' असा शेरा असतो, त्यांनी ही गोळी पाच वर्षे घेतल्यास या रोगाने होणारे मृत्यू दीर्घकाळात सुमारे एक तृतीयांशाने घटतात.

जो धोका कानांवर येतो, तो पहिल्या उपचाराचा. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातील दोन्ही हार्मोनांच्या संयुक्त गोळीची चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढल्याचे वृत्त तेव्हा सर्वत्र गाजले. आम्ही हिशेबाची माणसे. टक्के ऐकले की मूळ रक्कम विचारतो. दरवर्षी १०,००० स्त्रियांमागे औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ३०, तर औषध घेणाऱ्यांत ३८ जणींना हा रोग झाला. ८ हा आकडा क्षुल्लक नव्हे, ज्या घरात तो येतो तेथे तर नव्हेच. तथापि २६ टक्के ऐकून मनात जे चित्र उभे राहते, तेही खरे नव्हे. गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले, त्या गटात अशी वाढ आढळली नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना मात्र हा पहिला उपचार सहसा दिला जात नाही.

आता रुग्णांच्या कार्डावर आम्ही 'हार्मोनरोधक गोळी' असे ठळक मराठीत लिहून देतो, आणि कार्ड देताना घरच्या एका व्यक्तीस समोर बसवून ते वाचून घेतो. उपरोक्त भगिनींची गोळी पुन्हा सुरू झाली आहे.