‘कुंकू’मधील घड्याळ

आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगुसारख्या सीमाप्रदेशात, जेथे मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा कानी पडतात, तेथे शब्दावाचून उमगणाऱ्या चेहऱ्याचे मोल निराळे सांगावयास नको. आणि म्हणूनच प्रभात कंपनीने १९३७ साली मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निर्माण केलेल्या ‘कुंकू’ या चित्रपटाचे स्मरण येथे अगत्याने करावेसे वाटते.

वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात फसवणुकीने बांधली गेलेली नीरा हे लग्न मानावयास नकार देते, ही मूळ कथा ना. ह. आपटे यांची. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी चित्रपटातून पार्श्वसंगीत हद्दपार केले आणि प्रसंगातून स्वभावतः उद्भवणारे ध्वनी तेवढे राखले. हा निर्णय मला अत्यंत धाडसाचा वाटतो. कारण पुढे कोणता भाव येणार याची आगाऊ वर्दी संगीत देत असते, आणि ती वर्दी थांबली की कान आपोआप बारीकसारीक आवाजांचा मागोवा घेऊ लागतात, म्हणजे एरवी ध्यानातही न येणारी भिंतीवरील घड्याळाची टिकटिक वकिलाच्या सरत्या आयुष्याची मोजदाद होऊन बसते.

जे कानांचे, तेच डोळ्यांचे. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एकच निर्विकार मुद्रा निरनिराळ्या दृश्यांस जोडून दाखविली, तेव्हा प्रेक्षकांस तीत निरनिराळे भाव दिसले, असे सांगतात. ‘कुंकू’तही केशवराव दाते या नटाने साकारलेला वकील आरशापुढे उभा राहतो, तेव्हा त्या मुद्रेतील अर्धे दुःख आपणच भरीत असतो. उरलेले अर्धे मात्र निखळ दात्यांचे.